बायपास बंदच करून टाकू का?

प्रश्न : नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, टॉवेलच्या गाठी बांधायचे हायड्रॉलिक प्रेस बनवतो. पंप 40 एलपीएम (मिनिटाला 40 लिटर), सिलिंडरचा बोअर म्हणजे आतला व्यास 125 एमएम आणि रॉड 90 एमएमचा. टाकीत परत येणारं तेल गाळणाऱ्या रिटर्न फिल्टरची बॉडी आम्हीच बनवतो, आत 10 मायक्रॉनचं 50 एलपीएमचं एलिमेंट म्हणजे गाळणी, आणि ती चोंदली की तेल न गाळता बाजूनं सोडणाऱ्या बायपासला 12 एमएमच्या छिद्रावर गोळी अन् स्प्रिंग. एका गिऱ्हाइकाचा पंप सहा महिन्यात आवाज करायलाय, फिल्टर उघडला तर एलिमेंट जवळपास नव्यासारखं! म्हणजे सगळं तेल बायपासमधूनच जायलंय की ओ. मग बायपास बंदच करून टाकला तर?

उत्तर : नका करू भाऊ, तेवढं सोडून बाकी सगळं करा. बायपास बंद केला की एलिमेंट चोंदल्यावर तेलाला वाट उरत नाही, मग एलिमेंट आत दबून फाटतं आणि इतके दिवस धरून ठेवलेला कचरा, वर कागदाचे तुकडे, सगळं एकदम टाकीत आणि तिथनं पंपात. बायपास न ठेवता चालवायचे फिल्टर असतात, सर्व्हो व्हॉल्व्हच्या (तेल बारकाईनं सोडणाऱ्या नाजूक व्हॉल्व्हच्या) आधी लावतात, पण त्यांचं एलिमेंट दोन्ही बाजूंच्या प्रेशरमधला 210 बारचा फरक सोसणारं असतं. आपल्या रिटर्नच्या एलिमेंटचं तसं नाही, चांगल्या कंपनीचं बहुतेक 10 बारचं असतं, साध्या मालाचं दुकानदारालाही माहीत नसतं.

तुमचं निदान मात्र बरोबर आहे, शाबास, सहा महिने चाललेलं एलिमेंट स्वच्छ दिसलं की आनंद नाही, शंका आली पाहिजे. चूक कुठे झाली तर तुम्ही फिल्टर पंपाच्या आकड्यावर निवडला. रॅम, म्हणजे सिलिंडरचा दाबणारा दांडा, मागे येतो तेव्हा पंपाचं 40 लिटर जातं रॉडच्या बाजूला, तिथं जागा फक्त 59 चौरस सेंटिमीटर, आणि बाहेर पडतं ते पलीकडच्या 123 चौरस सेंटिमीटरमधनं, म्हणजे दुपटीहून जास्त, साधारण 83 एलपीएम. प्रत्येक गाठीला सिलिंडरमधनं टाकीत येणाऱ्या तेलातलं दोन तृतीयांश याच परतीच्या फेरीत येतं आणि नेमकं तेव्हाच तुमचा बायपास उघडा! त्यात दाबलेलं तेल एकदम सुटतं तो झटका वेगळाच. डिसेंबरच्या सकाळी तर आणखी, 68 नंबरचं (हा घट्टपणाचा नंबर) तेल 40 अंशाला जेवढं घट्ट असतं त्याच्या चौपटीहून जास्त 15 अंशाला होतं आणि एलिमेंटवरचा प्रेशरचा फरक त्याच प्रमाणात चढतो. थंड तेलावर पाच-दहा मिनिटं बायपास उघडला तर ते त्याचं कामच आहे, त्याची काळजी नको, पण गरम तेलावर दर गाठीला उघडणं चालणार नाही.

म्हणून एलिमेंट 83 एलपीएमला बघा, आणि काठावरचं नको. नवं एलिमेंट, तेल गरम, रॅम परत येतोय, अशा वेळी फरक 0.5 बारच्या आत राहिला पाहिजे आणि बायपास 1.7 बारला, मधली जागा कचऱ्यासाठी. मोठं एलिमेंट महाग पडतं हे खरं पण क्षेत्रफळ दुप्पट केलं की आयुष्य दुपटीहून जास्त वाढतं, गिऱ्हाइकाला हे समजावून सांगा.

आता व्हॉल्व्ह. 12 एमएमच्या छिद्रातनं 83 लिटर काढायचं म्हणजे सेकंदाला 12 मीटर वेग, बायपास पूर्ण उघडला तरी पावणेदोन-दोन बार त्या छिद्रातच अडकणार. सीट, म्हणजे गोळी बसते ती कड, 25 एमएमची करा आणि मोकळ्या गोळीऐवजी गाईड असलेला पॉपेट (सरळ वर-खाली होणारं झाकण) घ्या, गोळी थरथरते आणि एका बाजूला झिजते. 25 एमएमवर 1.7 बार म्हणजे साडेआठ किलोचा जोर, तेवढी स्प्रिंग दाबून बसवायची. पण खरी गंमत पुढे आहे, पॉपेट व्यासाच्या पाव भाग, म्हणजे 6 एमएम, उचलला की वाट पूर्ण मोकळी, आणि स्प्रिंग मिलिमीटरला 1 किलोची आखूड असली तर तेवढ्यात 6 किलो वाढले, 1.7 चं जवळपास 2.9 बार झालं! मिलिमीटरला 0.3 किलोची लांब, मऊ स्प्रिंग घेतली तर 2.1 च्या आत राहतं. मोजायला मशीन लागत नाही, ड्रिलच्या टेबलावर वजनकाटा ठेवा, वर स्प्रिंग, चकने हळूहळू दाबा आणि दर मिलिमीटरला आकडा लिहा.

व्हॉल्व्ह बसवा वरती, तेल आत येतं तिकडे. तळाला बसवला तर खाली बसलेला गाळ उघडताना धुवून टाकीत जातो. एलिमेंट चोंदल्याचं दाखवणारा इंडिकेटर 1.3-1.4 बारला लाल झाला पाहिजे, बायपासच्या आधी.

आणि एक, टॉवेलच्या कारखान्यात कापसाची लव उडते, ती टाकीच्या ब्रीदरवर (हवा आत-बाहेर जाते त्या तोंडावर) गादीसारखी बसते, नाहीतर आत जाऊन तुमच्या बायपासच्या सीटवर अडकते आणि गोळी कधी पूर्ण बंदच होत नाही. तो फिल्टर उघडाल तेव्हा गोळी बसवून वर थोडं रॉकेल ओता, खाली ठिबकलं तर समजा गोळी नीट बसत नाही. ब्रीदर 10 मायक्रॉनचा लावा, वर जाळीचं कव्हर, दर आठवड्याला झटका.

पंप बदलताना टाकीतलं तेल पूर्ण काढा, ते गाळून परत भरू नका. आणि इंडिकेटर गाठ दाबताना लाल होतो का रॅम परत येताना, तेल गरम असताना का गार, हे आठवडाभर लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा.