फोनवर झालेलं समुपदेशन खरं मानायचं का?

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीला २०२० मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, स्तनाचा कर्करोग झाला. त्याआधी आमच्या सख्ख्या मावशीला अंडाशयाचा झाला होता. लॉकडाऊनमुळे मुंबईला जाता येईना, म्हणून ताईचं जनुकीय समुपदेशन व्हिडिओ कॉलवर झालं. किट कुरिअरने घरी आलं, तिने लाळेचा नमुना पाठवला. रिपोर्टमध्ये एका जनुकात ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ आहे असं लिहिलंय. बाकीच्यांनी तपासणीची गरज नाही, असं तेव्हा सांगितलं. आता माझ्या जाऊबाई म्हणतात, फोनवरच्या गोष्टींचं काही खरं नसतं, सगळं पहिल्यापासून करा. मी ४१ वर्षांची आहे, मुलगी १४ ची आहे. मावशी आता बरी आहे, निपाणीला मुलाकडे असते. काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : समुपदेशन फोनवर झालं म्हणून ते कच्चं ठरत नाही. ज्या दिवशी देश बंद झाला त्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, टेलिमेडिसिनची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं आली आणि दुरून सल्ला देण्याला स्पष्ट आधार मिळाला. शिवाय आमच्या कामात पोट दाबून बघायचं नसतं. ऐकायचं, वंशावळ काढायची, कोणाला कोणत्या वयात काय झालं ते लिहायचं आणि चाचणीतून काय कळेल, काय कळणार नाही, ते नीट सांगायचं. अमेरिकेत कोरोनाच्या कितीतरी आधी, २०१४ मध्ये, ६६९ स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. काहींशी समोरासमोर बोलले, काहींशी फोनवर. माहिती किती समजली, मनावर ताण किती आला, यात फोनवाल्या मागे पडल्या नाहीत. मात्र समोर बसून बोललेल्यांपैकी ९० टक्क्यांनी चाचणी करून घेतली, फोनवर बोललेल्यांपैकी ८४ टक्क्यांनी.

लाळेच्या नमुन्याबद्दलही शंका नको. लाळेतल्या पेशींतून पुरेसा डीएनए मिळतो. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि (आपल्या भागात हे मुद्दाम सांगावं लागतं) मिश्री लावायची नाही, एवढं पथ्य.

त्या काळात मी स्वतः स्क्रीनवर हे काम केलं. एक गोष्ट प्रत्यक्ष ओपीडीपेक्षा चांगली झाली. रुग्ण तिच्या घरात बसलेली असायची, त्यामुळे माळ्यावरची पिशवी उघडून आजीचा जुना बायॉप्सी रिपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरला जायचा. ओपीडीत ‘पोटाचा काहीतरी रोग होता’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. पण दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, दीर, मुलं सगळी घरातच. ‘तुमच्या माहेरी कोणाला कर्करोग झालाय का?’ या प्रश्नाचं उत्तर एखादी सून सगळ्यांच्या देखत कसं देईल? कोणी गच्चीवर जाऊन कुजबुजत बोलायची. मग मी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणता येईल असे प्रश्न विचारायला लागले. माझ्या मते दुरून होणाऱ्या समुपदेशनाची खरी अडचण ही आहे, इंटरनेटची रेंज नव्हे. फोन लागल्यावर सगळ्यात आधी ‘आत्ता जवळ कोण आहे?’ हे विचारलंच पाहिजे.

आता तुमच्या घराबद्दल. पत्र वाचताना माझं लक्ष ताईपेक्षा मावशींकडे गेलं. त्यांची चाचणी झालेली दिसत नाही. अंडाशयाचा जो नेहमीचा प्रकार असतो, एपिथेलियल (म्हणजे आवरणाच्या पेशींचा), तो झालेल्या प्रत्येक स्त्रीला जनुकीय चाचणी सुचवतात, घरात आणखी कोणी आजारी असो वा नसो. स्तनाचे बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात, तसे असण्याचं प्रमाण ५ ते १० टक्के. म्हणजे ताईचा आजार आपसूक झालेला आणि मावशींचा आनुवंशिक, असंही एकाच घरात घडू शकतं. तसं असेल तर ताईच्या रिपोर्टवरून तुम्ही निर्धास्त होऊ शकत नाही. बीआरसीए १ आणि २ या जनुकांतल्या दोषाने स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. मावशींमध्ये यांपैकी एकात दोष सापडला, तर तो तुमच्या आईत असण्याची शक्यता निम्मी आणि आईत असला तर तुमच्यात येण्याची पुन्हा निम्मी.

हे कळण्याची घाई का, तेही सांगते. बीआरसीए १ मध्ये दोष असलेल्या स्त्रीला आयुष्यभरात अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास असते आणि तो लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची चाचणी यांवर विसंबता येत नाही. म्हणून अशा स्त्रियांना ३५ ते ४० च्या दरम्यान, मुलंबाळं झाल्यावर, अंडाशय आणि गर्भनलिका काढण्याचा सल्ला देतात. तुम्ही ४१ च्या आहात.

ताईचा रिपोर्ट फेकू नका. ‘अर्थ अनिश्चित’ म्हणजे दोष सापडला असं नव्हे. त्यावरून शस्त्रक्रिया ठरवायची नसते आणि नातेवाइकांची त्याच बदलासाठी सहसा चाचणीही करत नाहीत. तेव्हा तुम्हाला दिलेला सल्ला त्या रिपोर्टपुरता योग्यच होता. पण अशा बदलांचं वर्गीकरण पुढे बदलतं, बहुतेक वेळा ‘निरुपद्रवी’ असं. ज्यांनी रिपोर्ट दिला त्यांना त्याच्या प्रतीसह लिहा आणि आज तो बदल कोणत्या वर्गात मोडतो ते विचारा. फक्त बीआरसीए तपासलं होतं की इतर जनुकंही, हेही विचारा.

तुमची स्वतःची स्तनतपासणी यासाठी थांबवू नका. बहिणीला ३८ व्या वर्षी आजार झाला, तर साधारण दहा वर्षं आधीपासून तपासणी सुरू करतात, म्हणजे तुमची वेळ होऊन गेली आहे. वर्षाला मॅमोग्राफी, आणि एमआरआय हवा की नको ते डॉक्टर ठरवतील. यासाठी मात्र प्रत्यक्षच जावं लागेल.

मुलीची चाचणी आत्ता नको. मोठेपणी होणाऱ्या आजारांसाठी १८ वर्षांआधी चाचणी करत नाहीत. पुढे तिचं तिने ठरवायचं.

मावशींना कराडला किंवा मुंबईला ओढत नेण्याची गरज नाही, पहिली भेट निपाणीहून व्हिडिओ कॉलवर होऊ शकते. त्यांचा बायॉप्सी रिपोर्ट हाताशी असू द्या. फक्त मावसभावाला सांगून परस्पर वेळ ठरवू नका. आधी मावशींशी तुम्ही स्वतः बोला, चाचणी त्यांची आहे, होकारही त्यांचाच हवा.