आईला मधुमेह, क्रिएटिनिन १.० म्हणजे 'नॉर्मल'. मग किडनी ठीक समजायची का?

नाही, एवढ्यावरून नाही. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ, जो किडनी बाहेर टाकते. तो तसा उशिरा बोलतो. किडनीचं बरंच काम कमी झालं तरी आकडा लॅबच्या मर्यादेतच दिसू शकतो. शिवाय तो आकडा स्नायूंवर अवलंबून असतो. १.० हाच आकडा २५ वर्षांच्या तरुणाचा असेल तर ईजीएफआर (किडनी किती वेगाने रक्त गाळते याचा अंदाज) साधारण १०७ येतो, ७० वर्षांच्या बाईंचा असेल तर जेमतेम ६०! म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर मागून घ्या. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर किडनीचा जुनाट आजार धरतात.

आई अगदी बारीक अंगाची असेल तर सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी जास्त खरं सांगते, कारण त्यात स्नायूंचा फारसा संबंध नाही. मात्र थायरॉइड बिघडलेलं असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील तर तीही फसवते. किम-१, टीएनएफ रिसेप्टर वगैरे तपासण्यांची नावं नेटवर दिसतील. त्या अजून मुख्यतः संशोधनातल्या, त्यावर पैसे घालवू नका.

आणि तुम्ही विचारलंय रक्ताचं, पण मधुमेहात पहिली खूण बहुधा लघवीत सापडते. सकाळच्या पहिल्या लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करा (अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रथिन). ३० मिग्रॅ प्रति ग्रॅम किंवा वर आलं तर लगेच घाबरू नका; ताप, लघवीचा संसर्ग यांनीही ते वाढतं. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा वाढलेलं आलं तरच पक्कं मानतात. टाइप २ असेल तर निदान झाल्यापासूनच दरवर्षी ईजीएफआर आणि ही लघवीची, अशा दोन्ही तपासण्या करायच्या.