नावात मासा आहे, मग चूक का?

प्रश्न : बाई, सहामाहीला प्राण्यांचे गट पाडायचे होते. मी देवमासा माशांत आणि वटवाघूळ पक्ष्यांत लिहिलं. दोन्हीवर फुली. देवमासा पाण्यात राहतो, नावातही मासा आहे. वटवाघूळ तर उडतं. मग माझं चुकलं कुठे? (इयत्ता सहावी, पंचवटी)

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. फुली मिळाल्यावर गप्प न बसता ‘का?’ विचारणारी मुलं मला फार आवडतात. बत्तीस वर्षं नाशकात जीवशास्त्र शिकवलं, तेव्हाही अशाच मुलांसाठी वर्गात जावंसं वाटायचं.

आधी हे ऐक. प्राण्यांची शिस्तीने वर्गवारी करणारा कार्ल लिनियस हा स्वीडनचा शास्त्रज्ञ. १७३५ साली त्याचा ग्रंथ निघाला, त्यात देवमासे माशांतच होते. १७५८च्या दहाव्या आवृत्तीत त्याने ते तिथून उचलले आणि सस्तन प्राण्यांत ठेवले. मध्ये २३ वर्षं गेली. तेव्हा तुझी चूक मोठ्या माणसाच्या पंगतीतली आहे.

आपल्याकडची नावं बहुतेक रूपावरून पडली आहेत. अजस्र आहे, पाण्यात दिसतो, म्हणून देवमासा. पाणकावळा कावळा नाही, खवले मांजर मांजर नाही, समुद्रघोडा मात्र चक्क मासा आहे. गट ठरवताना शरीराची आतली रचना पाहावी लागते. श्वास कशाने घेतो, त्वचा कशी आहे, पिल्लू कसं वाढतं, हे विचारावं लागतं.

आता पुढे वाक आणि मानेखाली पाठीवरून बोट फिरव. खड्यांसारखे लागतात ते मणके. मासे, उभयचर, सरपटणारे, पक्षी आणि सस्तन या पाचही गटांत मणक्यांची ही माळ असते, म्हणून ते सगळे पृष्ठवंशी. पण ही माळ वाकते कशी, ते बघण्यात खरी मजा आहे. रात्री ट्यूबलाइटजवळ पाल धावते तेव्हा तिचं अंग डावीकडे-उजवीकडे वळतं. मासाही तसाच पोहतो. आता गल्लीतला कुत्रा जोरात पळताना बाजूने बघ. त्याची पाठ वर उचलते, खाली जाते. निफाडच्या उसात लपणारा बिबट्याही तसाच धावतो. आणि देवमासा? माशाची शेपटी उभी असते, ती डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची शेपटी आडवी असते, ती वर-खाली हलते, कारण त्याचे फार फार पूर्वीचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालत होते. ते पाण्यात गेले, पण पाठीची चाल जमिनीवरचीच राहिली. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत, म्हणून हवा घ्यायला वर यावं लागतं. आणि पिल्लू आईचं दूध पितं.

वटवाघळाचंही तसंच. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत पिसं फक्त पक्ष्यांना असतात. वटवाघळाच्या अंगावर केस असतात, तोंडात दात असतात, पिल्लू आईच्या छातीला बिलगून दूध पितं. त्याचा पंख म्हणजे हात आहे. चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली आणि त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी. अंगठा तेवढा मोकळा, नखासकट. पांडवलेण्यांच्या सहलीत कुठे वटवाघूळ लटकलेलं दिसलं, तर लांबूनच बघायचं, बॅटरी मारायची नाही.

फसवं नाव म्हटलं की मला देवगांडूळ आठवतं. मी आठ-नऊ वर्षांची असताना कोकणात आजोळी गेले होते. सुपारीच्या बागेत आळं खणताना ओल्या मातीतून एक चकचकीत, बिनपायाचा, वळ्यावळ्यांचा प्राणी निघाला. मामा म्हणाला, साप. गडी म्हणाला, मोठं गांडूळ. आजीने कोणाला त्याला मारू दिलं नाही, पालापाचोळा टाकून झाकलं. कॉलेजात गेल्यावर कळलं की दोघंही चुकले होते. गांडुळाला कणाच नसतो. याला कणा असतो, जबडा असतो, दातही असतात. आणि सापासारखी कोरडी, खवल्यांनी झाकलेली कातडी नसते, ओलसर असते. देवगांडूळ उभयचर आहे, म्हणजे बेडकाचा भाऊबंद. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो अजून तसाच आहे.

प्रश्न : साप दोरीसारखा वळतो. त्याला हाडं असतात का? (इयत्ता चौथी, सिन्नर)

उत्तर : भरपूर असतात. जन्मतः आपल्या कण्यात ३३ मणके असतात, मोठेपणी खालचे काही जुळून २६ हाडं राहतात. सापाला जातीप्रमाणे दोनशे ते चारशे मणके असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना बरगड्या. सायकलची चेन आठव. एकेक कडी कडकच असते, पण कड्या पुष्कळ म्हणून चेन वळते.

प्रश्न : बाजारात कोळंबी आणि खेकडे माशांशेजारीच विकतात. मग तेही मासेच ना? (इयत्ता पाचवी, नाशिकरोड)

उत्तर : नाही, त्यांना कणा नाही. त्यांचं कवच बाहेरून असतं. मात्र तिथेच मुशी दिसली तर नीट बघ. तिच्या कण्यात हाड नाही, कूर्चा आहे, म्हणजे आपल्या कानाचा वरचा भाग ज्याचा बनलेला असतो ते. तरी तो कणाच, आणि मुशी मासाच. सापासारखी दिसणारी वामसुद्धा मासाच आहे, तिला कल्ले असतात.

प्रश्न : जिराफाच्या मानेत किती मणके असतात? (इयत्ता सहावी, निफाड)

उत्तर : सात. तुझ्या मानेत सात, उंदराच्या मानेत सात. जिराफाचा एकेक मणका वीतभर लांब असतो, एवढंच. पक्ष्यांचं गणित वेगळं. बगळ्याच्या मानेत आपल्या दुपटीहून जास्त मणके असतात. तुझ्या तालुक्यातच नांदूरमध्यमेश्वर आहे, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानली जाणारी पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं. थंडीत सकाळी जा आणि काठावरचा एकच राखी बगळा धरून बस. तो बराच वेळ मान दुमडून पुतळ्यासारखा उभा राहील. डोळे हटवू नकोस, कारण मान सरळ होऊन मासा चोचीत यायला क्षणही लागत नाही.