चाळ नवी, पत्र्याची, तरी उन्हाळ कांदा श्रावणातच का सडतो?

तुम्ही देवळ्याहून विचारलंय की कांदा साठवायची चाळ नवी आहे, खालून हवा खेळते, तरी श्रावण लागताच कांद्याचं पाणी व्हायला लागलं. आणि शेजाऱ्याचा कांदा मात्र जुन्या, मोडक्या चाळीत दिवाळीपर्यंत ठणठणीत राहतो. असं का?

भाऊ, माझी शेती चांदवडकडे आहे आणि उन्हाळ कांद्यावरच आमचं घर चालतं. माझं ठाम मत असं की कांदा टिकणार की नाही, हे चाळीत भरण्याआधी शेतातच ठरलेलं असतं. चाळ फक्त आहे ते सांभाळते. म्हणून आधी कांद्याची मान, म्हणजे पात जिथे कांद्याला जुळते तो भाग, बघा.

सडका कांदा उभा कापा. वरून टणक लागतो, पण आत मधलीच एखादी पाकळी पिवळट, चिकट झालेली दिसेल. ती सड मानेतून खाली उतरलेली असते. पात आपोआप पडली की मान पोकळ होते, वाळून आवळते आणि कांद्याचं तोंड बंद होतं. मान जाड आणि हिरवी राहिली तर ते तोंड उघडंच राहतं. अशा कांद्याला कुठलीही चाळ वाचवू शकत नाही.

मान जाड राहते ती मुख्यतः उशिरा टाकलेल्या युरियाने. लागवडीला साठ दिवस झाले की नत्र, म्हणजे युरियासारखं खत, बंद करायचं. गंधक लागवडीच्या वेळीच द्यावं, टिकायला मदत होते. दुसरं कारण पाणी. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडलंच पाहिजे. वजन वाढावं म्हणून शेवटचं पाणी देण्याचा मोह फार जणांना होतो. तो कांदा लगेच मार्केटला न्यायचा असेल तर ठीक, चाळीत घालू नये.

निम्म्या माना पडल्या की काढणी. मग पातीसकट तीन-चार दिवस शेतात, पण एका ओळीची पात शेजारच्या ओळीच्या कांद्यावर येईल असा पसरायचा, नाहीतर एप्रिलच्या उन्हात कांदा भाजतो. पात कापताना इंच-दीड इंच मान ठेवा. अगदी बुडाशी कापली की जखम थेट कांद्याला होते, आणि मजूर घाईत नेमकं हेच करतात, तिथे स्वतः उभं राहा. त्यानंतर दहा-बारा दिवस सावलीत. मान अंगठ्याने दाबली आणि ओल लागली, तर अजून भरायची वेळ झालेली नाही.

जोड कांदा, डेंगळे (फुलाचे दांडे) आलेला आणि अवकाळीत भिजलेला माल वेगळा काढून विका. पोळ (खरिपाचा) आणि रांगडा (उशिरा खरिपाचा) तर साठवायचे कांदेच नाहीत.

शेजाऱ्याचं बी घरचं आहे का, हेही विचारा. बियाण्यासाठी कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात, म्हणजे तोवर चाळीत जो टिकला त्याचंच बी धरलं जातं. दरवर्षी असं केलं की टिकाऊपणा वाणातच मुरतो.

आता थंडीबद्दल, कारण तुम्ही कूलर लावायचा विचार लिहिलाय. लावू नका. कांदा २५ ते ३० अंशांत, ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत चांगला राहतो, किंवा मग शून्याजवळच्या कोरड्या शीतगृहात. मधल्या १० ते २० अंशांत त्याला सर्वांत जास्त कोंब फुटतात. पावसाळ्यानंतर रात्री गार झाल्या की चाळीत मोड दिसू लागतात ते यामुळेच. शिवाय कूलरची ओली हवा काजळीला, म्हणजे काळ्या बुरशीला, आमंत्रणच. लासलगावला २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र आहे. विकिरणाने कोंब थांबतात, पण सड थांबत नाही.

यंदाचा माल उरला असेल तर थर पाच फुटांपेक्षा उंच ठेवू नका. एका टोकाकडून चाळ फोडा, सडका काढून टाका, चांगला विकून मोकळे व्हा. सारखा हलवलात तर पत्ती (वरचं वाळलेलं साल) निघते आणि मग रंगालाही भाव मिळत नाही.

शेवटचं पाणी आणि शेवटचा युरिया कधी दिला होता, ते लिहा. त्यावरून नक्की काय झालं ते सांगता येईल.