सिकलवाल्याच्या डोळ्याचं ऑपरेशन: वॉर्डातही सांगा

ताई, तुमचा मुलगा २६ वर्षांचा, सिकलसेलचा एसएस पॅटर्न (आई-वडील दोघांकडून सिकल आलेला), डाव्या डोळ्याने दाराची चौकट वाकडी दिसते आणि डॉक्टर म्हणतात, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर झिल्ली धरली आहे, काढावी लागेल. मीही एसएस. माझ्या उजव्या डोळ्याचं हेच ऑपरेशन झालंय. त्याआधी नागपुरात बर्डीच्या बाजारातल्या पाट्यांची शिरोरेषा मला मधेच खचलेली दिसायची.

सिकलच्या विळ्यासारख्या रक्तपेशी पडद्याच्या कडेच्या बारीक नसा बुजवतात. मग तिथे नव्या, कच्च्या नसा फुटतात, त्यातून रक्त झिरपतं, झिल्ली धरते आणि पडद्याला ओढ बसते. लेझरने कच्च्या नसा सुकतात, झिल्ली निघत नाही. मात्र नजर बरी असेल आणि ओसीटीत (पडद्याच्या स्कॅनमध्ये) ओढ वाढत नसेल, तर काही दिवस थांबता येईल का, हे सरळ विचारा.

ऑपरेशनला मी उगाच घाबरले होते. फक्त डोळ्यापुरती भूल, बारीक छिद्रं, झिल्ली चिमट्याने सोलून काढतात. मला फक्त सावल्या हलताना दिसल्या. त्रास झाला तो त्याआधी. मे महिना, रात्रीपासून उपाशी, आणि नंबर लागला दुपारी दोनला. डोळ्याच्या डॉक्टरांना सिकल माहीत होतं, वॉर्डात कुणालाच नव्हतं. अंगातलं पाणी कमी होऊन मांड्यांची हाडं ठणकायला लागली तेव्हा कुठे सलाईन लागलं. म्हणून सकाळचा पहिला नंबर मागा, उपाशी असताना सलाईनचं विचारा आणि भूलतज्ज्ञांना स्वतः सांगा. रक्त चढवायचं की बदलायचं, ते रक्ताच्या डॉक्टरांनी ठरवू द्या, त्यांची चिठ्ठी फाइलला लावा. सिकलची नेहमीची गोळी, हायड्रॉक्सीयुरिया, मनाने बंद करू नका.

नंतर डोळ्याचा दाब वाढू शकतो, आणि सिकलमध्ये थोडा दाबही डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नजरेच्या नसेला महागात पडतो. त्यावर सर्रास देतात ती ॲसिटाझोलामाइडची गोळी आपल्याला जपूनच, कारण तिने अंगातलं पाणी कमी होतं, रक्तात आम्लता वाढते, पेशी आणखी वाकतात. गोळी लिहिली तर ‘सिकल आहे, चालेल का?’ एवढं विचाराच. डोळा ठणकला, उलटी झाली, नजर अंधारली तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा.

डोळ्यात गॅस भरला तर सांगतील तितके दिवस पालथं राहावं लागतं, आणि तो विरेपर्यंत विमान नाही. नजर हळूहळू सुधारते, महिने लागतात. माझी शिरोरेषा अजून किंचित खाली-वर आहे, पण पेपर वाचते. दुसरा डोळाही बाहुली मोठी करून तपासून घ्या. माझ्या डाव्या डोळ्यातल्या कच्च्या नसा अशाच सापडल्या, तेव्हा त्या डोळ्याने मला सगळं स्वच्छ दिसत होतं.