रोझमेरी: तेलाचे थेंब, पानांचं पाणी आणि पित्ताशयातले खडे

प्रश्न : केस गळतात म्हणून मुलीने रोझमेरी तेलाची १० मिलीची बाटली मागवली. तेल तसंच डोक्याला चोळलं, तर आग होऊन लाल चट्टे उठले. आता खोबरेलात मिसळून लावू का? की रोझमेरीचं पाणी बरं? – एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्या छोट्या बाटलीत मिळतं ते इसेन्शियल ऑइल. रोझमेरी या सुगंधी झुडपाच्या पानांतून वाफेने काढलेल्या या तेलात सिनिओल, कापूर अशी तीव्र द्रव्यं असतात, म्हणून ते कधीच थेट लावत नाहीत. ३० मिली खोबरेलात ५-६ थेंब, म्हणजे साधारण १ टक्का, एवढं पुरतं.

पण मुलीने लगेच पुन्हा सुरू करू नये. तेल नुसत्या पाण्याने निघत नाही, सौम्य शाम्पूने धुवा. फोड आले किंवा पापण्या सुजल्या तर त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. चट्टे पूर्ण गेल्यावर मिसळलेल्या तेलाचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघा. तिथेही खाज सुटली तर ती ॲलर्जी, आणि ॲलर्जी असेल तर थेंब कमी केल्याने ती टळत नाही. मग रोझमेरी सोडूनच द्यायची, पाणीसुद्धा नको.

त्वचेला सोसलं तरी घाई उपयोगाची नाही. २०१५ मध्ये इराणमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आनुवंशिक टक्कल पडणाऱ्या १०० जणांपैकी निम्म्यांना रोझमेरी तेल आणि निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल हे केस वाढवण्याचं औषध दिलं होतं. तीन महिन्यांनी दोन्हीकडे विशेष फरक नव्हता, सहा महिन्यांनी दोन्हीकडे केस वाढले. काहीच औषध न लावणारा गट मात्र त्यात नव्हता, त्यामुळे या एका अभ्यासावर फार भिस्त ठेवता येत नाही. शिवाय ताप, बाळंतपण, लोहाची कमतरता किंवा थायरॉइडमुळे केस गळत असतील तर तेलाने मूळ कारण जात नाही. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासून घ्या.

पाणी करायचं तर १० ग्रॅम वाळलेल्या पानांवर २५० मिली उकळतं पाणी ओता आणि १५ मिनिटं घट्ट झाकून ठेवा. झाकण नसेल तर सुगंधी अंश वाफेबरोबर उडून जातो. फडक्याने गाळून फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. बाहेर राहिलेलं पाणी उन्हाळ्यात लवकर गढूळ आणि बुळबुळीत होतं. ते जंतूंचं घर, फेकूनच द्या. वरचा अभ्यास तेलावरचा आहे, पाण्याकडून तेवढी अपेक्षा नको.

प्रश्न : जेवणानंतर पोट फुगतं. रोझमेरीचा चहा घ्यावा का? पित्ताशयात खडे आहेत, लोहाची गोळीही चालू आहे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही घेऊ नका. अपचन आणि पोटातल्या सौम्य मुरड्यासाठी हा चहा युरोपात परंपरेने घेतात. १५० मिली उकळत्या पाण्यात १ ते २ ग्रॅम पानं, दिवसातून दोन-तीनदा, हे तिथलं प्रमाण. पण रोझमेरीने पित्ताचा प्रवाह वाढू शकतो आणि खडा नळीत सरकून अडकण्याची भीती असते. उजव्या बरगडीखाली कळ, ताप किंवा डोळे पिवळे दिसले तर थेट रुग्णालय गाठा.

लोहाचं म्हणाल, तर या पानांतली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं अन्नातलं लोह पुरेसं शोषू देत नाहीत. म्हणून खडे नसलेल्यांनीही हा चहा जेवण आणि लोहाची गोळी यांपासून दोन तास लांब ठेवावा. गर्भवतींनी आणि रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बटाट्यावर भुरभुरवलेल्या चिमूटभर पानांची मात्र कोणीच धास्ती घ्यायला नको.

प्रश्न : चार वर्षांच्या नातवाला सर्दीत हे तेल छातीला चोळलं तर चालेल? त्याला एकदा तापात फिट आली होती. – एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात नाही, वाफाऱ्यातही नको. यातल्या कापराने लहान मुलांना फिट येऊ शकते. बाटली कडीकुलपात ठेवा. चुकून तोंडात गेलंच, तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.