खुरामागच्या खपल्या: मलमाआधीचं काम

महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात घोड्याच्या खुरामागच्या खळगीत खपल्या धरल्या की थेट मलम चोपडू नका. जिवाणू खपलीखाली असतात, औषध वरच राहतं. आधी तिथले केस कातरा. २ टक्के क्लोरहेक्सिडीनचा (जंतुनाशक द्रावण) फेस १० मिनिटं ठेवून कोमट पाण्याने धुवा. मऊ पडलेल्या खपल्याच काढा, ओढून रक्त आणू नका. मग टॉवेलने टिपून पूर्ण कोरडं करा. घाई नेमकी इथेच होते. त्यावर १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचा (जिवाणूंवरचं मलम) पातळ थर, दिवसातून दोनदा. स्टेरॉइडवालं मलम स्वतःच्या मनाने नकोच.

सांध्याजवळ खोल जखम किंवा लंगडणं असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा. त्याला पायाला पट्टा आवळून अँटिबायोटिक पायाच्या शिरेत सोडून ते साधारण ३० मिनिटं पायातच रोखता येतं.